बोत्सवाना: हिरे आटले तर हत्ती पोसतील का?

गाबोरोनेकर

सध्या इथे कुठेही चार माणसं जमली की तेच. हिऱ्यांचं काही खरं नाही, आता पर्यटन वाढवायला हवं. रेडिओवर तेच, बँकेत तेच, संसदेत तेच. मी गाबोरोनेत राहतो, धंदा जमाखर्च तपासण्याचा, आणि माझ्या ग्राहकांत उत्तरेकडच्या लॉजना माल पुरवणारे दोन-तीन जण आहेत. त्यामुळे या विषयावर माझं एक मत बनलंय. ते मांडतो, पटलं नाही तर झोडा.

ज्यांना देश माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोत्सवाना आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, पण २०२२ च्या जनगणनेत माणसं भरली साडेतेवीस लाखांच्या आसपास. १९६६ साली ब्रिटिश गेले तेव्हा गुरं आणि दुष्काळ सोडून देशाकडे फारसं काही नव्हतं. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. १९७१ ला तिथली खाण सुरू झाली, १९८२ ला ज्वानेंगची. खाणी चालवणाऱ्या डेबस्वाना कंपनीत सरकार आणि डी बिअर्स ही हिऱ्यांच्या धंद्यातली बडी कंपनी निम्मे-निम्मे भागीदार. शाळा, रस्ते, दवाखाने बऱ्याच अंशी याच पैशावर उभे राहिले. निर्यातीतला सुमारे ८० टक्के वाटा हिऱ्यांचा, सरकारी उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश.

आणि आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडलाय. त्यातले ढिगाने आपल्या सुरतेत बनतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि भारतीय दिसलो की मला ऐकवलंही जातं. २०२४ मध्ये अर्थव्यवस्था तीन टक्क्यांच्या आसपास आकसली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला आणि डुमा बोको अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी दवाखान्यांत औषधांचा खडखडाट झाला म्हणून आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. तिजोरीचं कसं चाललंय याचा अंदाज यावरून करा.

हिऱ्यांखालोखाल नंबर पर्यटनाचा. अप्रत्यक्ष उलाढाल धरली तर जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, चोबेचे हत्ती, मकगाडीकगाडीची मिठागरं, त्सोडिलोच्या टेकड्यांवरची जुनी चित्रं. मालमसाला भरपूर आहे. पण १९९० च्या धोरणात सरकारने ठरवून टाकलं की माणसं कमी आणायची, पैसे जास्त घ्यायचे. ओकावांगोतल्या मोरेमी अभयारण्याच्या आसपासची जमीन जमातीच्या मालकीची, तिचा कारभार लँड बोर्डाकडे. ती तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्याला नंबर दिलाय. असा एकेक तुकडा शेकडो चौरस किलोमीटरचा. तो एखाद्या कंपनीला पंधरा-पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि त्यावर दोन-तीन कॅम्प, प्रत्येकात दहा-बारा तंबू. रस्ता नाही, छोट्या विमानाने जायचं. भर मोसमात माणशी रात्रीला हजार-दीड हजार डॉलर सहज, आणि वर कितीही.

जंगलासाठी हे उत्तमच झालं. पण माझा मुद्दा तिजोरीचा आहे. हिऱ्याचा पैसा सरकारकडे येतो, पर्यटनाचा पैसा पगारात जातो. खाणींत माणसं थोडी आणि नफा प्रचंड, त्यातला मोठा वाटा कर, रॉयल्टी आणि लाभांश म्हणून सरकारकडे. लॉजचं उलटं. आठ पाहुण्यांमागे वीस-पंचवीस नोकर, गाडीवाला, स्वयंपाकी, वाटाड्या, विमानाचा पायलट. नफा बेताचा आणि तोही बऱ्याचदा देशाबाहेर दाखवलेला. तेव्हा पर्यटन न्गामिलँड आणि चोबे या दोन जिल्ह्यांना जगवतं हे शंभर टक्के खरं. ते गाबोरोनेतल्या इस्पितळाची औषधं विकत घेईल हे मला जमाखर्चात कुठे दिसत नाही.

जाता जाता: हिरे विकणाऱ्या सरकारी कंपनीचं नाव आहे ओकावांगो डायमंड कंपनी. २०१९ मध्ये त्यांनी २०.४६ कॅरटचा एक निळा हिरा मिरवला, त्याचं नाव ओकावांगो ब्लू. नदीची पुण्याई हिऱ्यांनाही लागते म्हणायची.

पाणकोंबडी

मस्त धागा. एक बाळबोध शंका. ओकावांगोला पूर कोरड्या ऋतूत येतो असं वाचलंय. पाऊस नसताना पूर?

गाबोरोनेकर

@पाणकोंबडी, बाळबोध कसली, सगळ्या धंद्याची किल्ली तीच आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, साधारण डिसेंबर ते मार्च. ते पाणी क्युबांगो आणि क्विटो या नद्यांतून निघतं, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडतं आणि मोहेम्बोपाशी बोत्सवानात शिरतं. पुढे उतार जवळजवळ नाहीच, त्यात पपायरसचं रान. रमतगमत त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी असलेल्या माउन गावापर्यंत यायला जून-जुलै उजाडतो. तोवर इथला पाऊस संपून महिने झालेले, आजूबाजूचे पाणवठे सुकलेले, त्यामुळे जनावरं सगळी या पाण्याकडे येतात. आणि नेमक्या त्याच वेळी युरोप-अमेरिकेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या. एवढं जुळून आलेलं वेळापत्रक कुठल्या टुरिझम खात्याला आखता येणार नाही. पाणी समुद्राला मिळत नाहीच, बहुतेक सगळं हवेत उडून जातं, थोडं वाळूत जिरतं.

याचा दुसरा अर्थ असा की या देशाचं भांडवल दुसऱ्याच्या देशात पडणाऱ्या पावसावर आहे. अंगोला, नामिबिया आणि बोत्सवाना यांचा १९९४ पासून एक संयुक्त आयोग आहे, ओकाकॉम. उद्या वरच्या अंगाला मोठं धरण किंवा सिंचन आलं, तर इथे बसून हात चोळण्यापलीकडे काही करता येणार नाही. नामिबियाच्या कवांगो भागात एका कॅनडियन कंपनीने तेलासाठी विहिरी खणल्या तेव्हा माउनमध्ये धाबं दणाणलं होतं ते यामुळेच.

हिशेबनीस

धागाकर्त्यांनी 'नफा देशाबाहेर दाखवलेला' हे वाक्य टाकून पुढे सटकलेलं दिसतंय. जरा उलगडून सांगा की. हजार डॉलरमधले किती तिथे उरतात?

गाबोरोनेकर

@हिशेबनीस, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. टक्केवारी सांगणार नाही, कॅम्पागणिक बदलते. पण वाट सांगतो.

पाहुणा लंडनला किंवा न्यूयॉर्कला एजंटकडे पूर्ण सहलीचे पैसे भरतो. एजंट आपलं कमिशन कापून घेतो. पुढे रक्कम येते दक्षिण आफ्रिकेतल्या सहल कंपनीकडे, कारण बहुतेक लोक जोहान्सबर्ग, केप टाउन, व्हिक्टोरिया फॉल्स आणि ओकावांगो अशी जोडसहल घेतात. तीही आपला वाटा घेते. मग उरलेल्यातून कॅम्पचं बिल. पाहुणा माउनला उतरतो तेव्हा त्याच्या खिशातून निघतात ते टिपचे आणि एखाद्या टोपलीचे पैसे. बाकी सगळं आधीच भरलेलं.

कॅम्पच्या खर्चात बघा. लँड क्रूझर दक्षिण आफ्रिकेतून, सुटे भाग तिथूनच, तंबूचं कापड, सोलर पॅनल, वाईन, चीज, सगळं तिथून. भाजीपाल्याची तर गंमतच झाली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सोळा प्रकारच्या भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली, हेतू हा की इथल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळावं. हेतू चांगलाच. पण टोमॅटो एकदम वाढत नाहीत. माझा एक ग्राहक माउनच्या लॉजना भाजी पुरवतो, त्याची त्या वर्षीची खातेवही बघण्यासारखी आहे. एका पानावर मिरची मिळाली नाही, पुढच्या पानावर मिळाली पण तिप्पट दराने, तिसऱ्या पानावर लेट्यूसचा अख्खा खोका धावपट्टीवर उन्हात सडला म्हणून लॉजने परत पाठवलेला. छोट्या विमानात माणसं, सामान आणि भाजी यांची वजनं एकत्र मोजतात. पाहुणे जाड निघाले की कोबी खाली उतरतो. विनोद नाही, वाहतूक पावतीवर तसा शेरा असतो. पुढे ही बंदी हळूहळू सैल केली.

बोत्सवानात काय उरतं? पगार, भाडेपट्टा, उद्यानाचं शुल्क, व्हॅट, इंधन, माउनमधले वर्कशॉपवाले. माउनच्या ओकावांगो संशोधन संस्थेतले जोसेफ म्बाइवा याला 'एन्क्लेव्ह टुरिझम' म्हणतात, म्हणजे देशात असून देशाशी फारसा संबंध नसलेलं बेट. हे सगळं ते बरीच वर्षं मांडतायत.

तिरळा डोळा

म्हणजे हत्ती बोत्सवानाचे, पाणी अंगोलाचं, तंबू दक्षिण आफ्रिकेचा, पाहुणा अमेरिकेचा. आणि तिथल्या माणसाने काय बघायचं, टीव्ही?

अर्धा कप

@तिरळा डोळा, सगळंच असं नाही. मी नवऱ्यासोबत गेले होते, आमचं बजेट त्या तंबूंचं नव्हतं. माउनला एका साध्या गेस्ट हाउसमध्ये राहिलो आणि तिथून दिवसभराची मोकोरोची सहल घेतली. मोकोरो म्हणजे उथळ पाण्यातली लांबुळकी होडी. पूर्वी एका झाडाचं खोड कोरून करायचे, आता झाडं वाचावीत म्हणून फायबरची असते, रंगही लाकडासारखा दिलेला. मागे उभा राहून एक जण लांब काठीने ढकलतो.

मला लक्षात राहिलं ते काठावरचं दृश्य. झाडाखाली एक बाई वही घेऊन बसली होती, नावांची यादी आणि पाळी तिच्या हातात. ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, पाहुणा निवडणार नाही. आमच्या वाट्याला आलेली होडीवालीही बाईच होती, चाळिशीची. ती म्हणाली की मोसमात पाळी आठवड्यात दोन-तीनदा येते, पाणी ओसरलं की येतच नाही. मग ती टोपल्या विणते. कमळाच्या देठाची माळ करून माझ्या गळ्यात घातली आणि लगेच पाणघोड्यांची जागा आली म्हणून काठी खोल घालून होडी वेतात घुसवली, तोंडाने एक अक्षर नाही. ते तिघे-चौघे पाण्यावर नुसते कान काढून बसले होते. आम्ही वीसेक मिनिटं तिथेच. डास, उकाडा, आणि नवरा कॅमेऱ्याची पिशवी उघडायलाही घाबरत होता.

पैसे आम्ही तिथल्या सामुदायिक ट्रस्टच्या काउंटरवर भरले, पावती मिळाली.

गाबोरोनेकर

@अर्धा कप, सुंदर लिहिलंय. हा भाग मी धाग्यात घ्यायला हवा होता. मोकोरो, फिरत्या तंबूंची सफारी, गेस्ट हाउस, कॅम्पसाइट, हे धंदे कायद्याने फक्त बोत्सवानाच्या नागरिकांसाठी राखून ठेवलेले आहेत. पैसा तिथेच राहतो तो या थरात. दुर्दैव असं की एकूण उलाढालीत हा भाग लहान, आणि एखाद्या नागरिकाला पुढे करून मागून दुसराच धंदा चालवतो अशा तक्रारी नेहमीच्या.

@तिरळा डोळा, उद्यानाच्या फाटकावर नागरिकाला शुल्क नाममात्र असतं, परदेशी माणसापेक्षा कितीतरी कमी. अडतं ते राहण्यावर. कोविडमध्ये मात्र गंमत झाली. परदेशी पाहुणा बंद झाला आणि जे लॉज कधी पुलामध्ये (इथलं चलन) दरही सांगत नव्हते त्यांनी स्थानिकांसाठी सवलती काढल्या. गाबोरोनेतले माझे कितीतरी सहकारी आयुष्यात पहिल्यांदा ओकावांगो बघून आले. काही जण तर माउनच्याच बाजूच्या गावचे! परदेशी पाहुणे परतले तशा सवलतीही गेल्या.

वऱ्हाडी ठेचा

आमी चंद्रपूर जिल्ह्यातले. ताडोबाच्या नावानं रिसॉर्टवाले गब्बर झाले, आन् बाजूच्या गावात डुकरं धान खातेत, वाघ गायी नेतो, पंचनाम्याला माणूस दोन दिवसांनी येतो. तिथं एका हत्तीचं पोट केवढं! शेतकऱ्याले काय मिळते ते सांगा, बाकी मिठागरं-बिठागरं राहू द्या.

गाबोरोनेकर

@वऱ्हाडी ठेचा, नेमकं बोट ठेवलंत.

बोत्सवानात हत्ती सव्वा लाखाच्या वर आहेत, जगात कुठल्याही देशात एवढे नाहीत. मोहेम्बोजवळ नदीच्या पूर्व काठाची जी गावं आहेत, सेरोंगा वगैरे, तिथे जितकी माणसं जवळजवळ तितके हत्ती. २०२२ मध्ये पूल होईपर्यंत तिथे जायला फेरीबोट होती. पर्यटकांचा पैसा मोरेमीकडे आणि हत्तींचे पाय यांच्या ज्वारीत. बायका पहाटे पाणी आणायला निघाल्या की आधी रस्ता बघून घेतात, पोरं शाळेत गटाने जातात. सरकारी भरपाई आहे, उशिरा आणि तोकडी, तुमच्याकडे आहे तशीच.

त्यात इथे शेतीपेक्षा गुरांना मान. युरोपला बीफ विकायचं तर लाळ-खुरकताचा रोग नको, तो रानम्हशींपासून येतो, म्हणून सरकारने दशकानुदशकं कुंपणं घातली. त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेची बफेलो फेन्स १९८२ ची. अलीकडे गुरं, पलीकडे जनावरं आणि लॉज. कुंपणाने स्थलांतराच्या वाटाही तोडल्या. पण अधिकाऱ्यांशी बोललात तर ते म्हणतात, हे कुंपण नसतं तर एव्हाना गुरं आत शिरून डेल्टा संपला असता. पर्यटन म्हणजे गुरं बाहेर ठेवल्याबद्दल मिळणारं भाडं आहे असं मी म्हणतो ते यावरून. ते भाडं ज्याची गुरं बाहेर राहिली त्याला मिळतंय का, हा खरा प्रश्न.

काही ठिकाणी मिळतं. नव्वदच्या दशकात गावांचे ट्रस्ट स्थापन झाले, चोबे एन्क्लेव्हचा पहिल्यांपैकी. ट्रस्टला आपल्या तुकड्यावरचा शिकारीचा कोटा आणि फोटो सफारीचे हक्क विकता येतात. मोरेमीच्या उत्तर फाटकाजवळचं ख्वाय गाव हे त्यातलं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण. ही बुगाखवे सान मंडळी (सान म्हणजे इथले मूळ आदिवासी), १९६३ मध्ये मोरेमी राखीव झालं तेव्हा आतून बाहेर काढलेली. आज त्यांच्या ट्रस्टकडे कॅम्पसाइट आहेत आणि लॉजचं भाडंही येतं.

कुर्ल्याची कुसुम

शिकारीचा कोटा? म्हणजे श्रीमंत गोरे येऊन हत्ती मारणार आणि त्याला गावाचा विकास म्हणायचं?

गाबोरोनेकर

@कुसुमताई, चिडणं समजू शकतो. पण इथला इतिहास ऐका. जानेवारी २०१४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष इयान खामा यांनी सरकारी राखीव आणि जमातींच्या जमिनीवरची शिकार पूर्ण बंद केली. जगभर टाळ्या पडल्या. पण ज्या तुकड्यांत झुडपं आणि कोरडी वाळू, तिथे फोटो काढायला कोण जाणार? तिथल्या ट्रस्टचं उत्पन्न गेलं, नोकऱ्या गेल्या, वाटला जाणारा मांसाचा हिस्सा गेला. २०१९ च्या मे महिन्यात त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मासिसी यांच्या सरकारने बंदी उठवली. फेब्रुवारी २०२० मध्ये गाबोरोनेत दहा-दहा हत्तींच्या सात परवान्यांचा लिलाव झाला. सहा गेले, त्यांचे मिळून सुमारे २.५७ कोटी पुला आले. एका हत्तीमागे चार लाख पुलांच्या वर, रुपयांत पंचवीस-तीस लाखांच्या घरात.

२०२४ मध्ये जर्मनीने शिकारीच्या ट्रॉफींवर निर्बंध आणायचं काढलं तेव्हा मासिसी जर्मन वृत्तपत्राला म्हणाले की वीस हजार हत्ती तुम्हालाच भेट देतो, आम्ही सांगतो तसं त्यांच्याबरोबर राहून दाखवा. जगाला चमत्कारिक वाटलं, पण सेरोंगात हशा पिकला नाही, लोकांनी माना डोलावल्या.

मला स्वतःला शिकार आवडत नाही. पण ज्या वाळूत लॉजवाला फिरकत नाही तिथल्या हत्तीची किंमत शून्य करून ठेवायची आणि मग गावकऱ्याने त्याला जपावं अशी अपेक्षा करायची, हे मला जमत नाही.

कुर्ल्याची कुसुम

ठीक, पण माझा विरोध कायम. ज्या ट्रस्टचं कौतुक चाललंय त्यांचे पैसे पदाधिकारीच खातात असंही वाचलंय. आणि सान लोकांचा विषय तुम्ही ख्वायवर संपवलात. मध्य कलाहारी राखीव क्षेत्राचं काय? १९६१ मध्ये ते जनावरांबरोबर सान लोकांसाठीही केलं होतं. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना तिथून उचलून बाहेरच्या वस्त्यांत नेऊन टाकलं, बोअरवेल बंद केली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने परत जाण्याचा हक्क दिला, पण बोअरवेलसाठी २०११ च्या जानेवारीपर्यंत अपील न्यायालयात भांडावं लागलं. मधल्या काळात त्याच राखीव क्षेत्रात पर्यटकांसाठी पोहण्याच्या तलावासकट लॉज उभा राहिला. पाणी होतं, फक्त माणसांसाठी नव्हतं. हे पर्यटनाच्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायचं?

हिशेबनीस

+१. आणि त्याच राखीव क्षेत्रात हिऱ्यांची खाणही निघाली, २०१४ ला सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. म्हणजे हिरे आणि पर्यटन दोघांनाही आत जागा, फक्त राहणाऱ्यांना नाही.

गाबोरोनेकर

दोघांशीही सहमत, यावर सरकारची बाजू मांडायला माझ्याकडे काही नाही. ट्रस्टमधल्या गैरव्यवहाराबद्दलही बरोबर. मी ज्या मोजक्या ट्रस्टचे कागद पाहिलेत त्यांत गाडीच्या डिझेलचा खर्च बघून लेखापालाला घाम फुटेल. गावात लेखे ठेवायला शिकलेला माणूस नसतो, आणि असला की तो माउनच्या लॉजमध्ये नोकरी करतो.

माउनचंच घ्या. पर्यटनाची राजधानी म्हणतात. विमानतळावर सकाळी छोट्या विमानांची रांग लागते, एकामागून एक उडतात. आणि गावातल्या वस्त्यांत नळाला पाणी नसतं, ड्रम घेऊन बसायचं. त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी!

पाणकोंबडी

मग उपाय काय? माणसं वाढवायची? स्वस्त करायचं?

गाबोरोनेकर

@पाणकोंबडी, नवीन सरकारसमोर हाच पेच आहे. ओकावांगोत तंबू वाढवले तर जे विकतोय तेच संपेल, शांतता विकतोय आपण. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीतलं हजारावं स्थळ म्हणून ओकावांगो दाखल झालं, तो शिक्का सांभाळायचाय. चोबेच्या नदीकाठी मात्र माणसं आधीच भरपूर वाढलीत. संध्याकाळी एका सिंहिणीभोवती वीस-वीस गाड्या. ते आणखी वाढवण्यात अर्थ नाही.

माझ्या मते वाढायला जागा आहे ती इतरत्र. सेरोंगाच्या बाजूला, मकगाडीकगाडीला, त्सोडिलोला, खामा ऱ्हायनो सँक्चुअरीसारख्या गावांनी मिळून चालवलेल्या ठिकाणी. मधल्या दराचा प्रवासी, स्वतःची गाडी घेऊन येणारा दक्षिण आफ्रिकन, आणि हो, भारतीय. त्याने हिऱ्याची जागा भरणार नाही, पण ज्या जिल्ह्यांत दुसरी नोकरीच नाही तिथे पगार जातील. एवढ्यावर समाधान मानायला सरकार तयार नाही, त्यांना डोळ्यांसमोर दुबई दिसते.

तिरळा डोळा

बजेटवाल्या भारतीयाने काय करावं ते सांगा की मग. दिवाळीनंतर दोन कुटुंबं निघायचा विचार आहे, व्हिक्टोरिया फॉल्स करून. ट्रॅव्हलवाला म्हणतो, फॉल्सलाच राहा, चोबे एका दिवसात उरकतो.

गाबोरोनेकर

@तिरळा डोळा, सगळे तेच करतात, आणि बोत्सवानाचं नुकसान नेमकं तिथेच होतं. चोबेच्या काठचं कसाने हे गाव फॉल्सपासून ऐंशी किलोमीटर. सकाळी गाडी झिम्बाब्वेतून निघते, सीमेवर शिक्के, चोबेत सकाळी जीप, दुपारी बोट, संध्याकाळी परत झिम्बाब्वेत. खोलीचं भाडं, रात्रीचं जेवण, बिअर, सगळं तिकडे. कसानेला मिळतं बोटीचं भाडं आणि फाटकाचं शुल्क. झांबियाकडच्या लिव्हिंगस्टनहूनही हेच, आणि २०२१ मध्ये काझुंगुलाचा पूल झाल्यापासून तर फेरीबोटीची रांगही गेली.

तेव्हा माझी शिफारस: कसानेलाच दोन रात्री राहा. गेस्ट हाउस आहेत, दोन कुटुंबांना अख्खं घरसुद्धा मिळतं. नोव्हेंबरमध्ये दर उतरायला लागलेले असतात, उकाडा मात्र कडक, पाऊस सुरू झाला नसेल तर हत्ती नदीवर कळपांनी. दुपारी तीनची बोट घ्या आणि सेडुडू बेटाला वळसा घालणारी आहे ना हे विचारा. या सपाट गवताळ बेटावरून नामिबिया आणि बोत्सवाना आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते, १९९९ च्या डिसेंबरात निकाल बोत्सवानाकडे लागला. बोटी मात्र दोन्ही देशांच्या फिरू शकतात, तेही निकालातच लिहिलंय. तिथल्या सगळ्या हॉटेलांचा धंदा त्या गवतावर चरायला येणाऱ्या हत्ती-म्हशींवर चालतो, तेव्हा भांडले ते उगाच नाही.

शाकाहारी असाल तर गेस्ट हाउसला आधी कळवा, नाहीतर तीन वेळा पाप आणि भोपळा मिळेल. पाप म्हणजे मक्याचा घट्ट उकडा, लोणचं बरोबर असलं की चांगला लागतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करा, पावसाळ्याच्या तोंडावर तिकडे डास वाढतात. लहान मुलं असतील तर जन्मदाखला जवळ ठेवा, सीमेवर मागतात. आणि ट्रॅव्हलवाल्याला म्हणा, परतीचं विमान कसानेहून बघ, तिथे विमानतळ आहे.

तिरळा डोळा

वाचनखूण साठवली. दर विचारून सांगतो इथेच.